वर्गातला राउटर पहिल्या बाकापासून दूर हवा

महोदय,
डिजिटल वर्गांत वायफाय राउटर अनेकदा फळ्याशेजारी, पहिल्या बाकाच्या अगदी जवळ ठोकलेला असतो. तो व्हरांड्यात हलवावा. अंतर दुप्पट झाले की त्याच्या रेडिओ लहरींची तीव्रता साधारण चौथाईवर येते. स्मार्ट टीव्हीला वायफायऐवजी लॅन केबलच (इंटरनेटची तार) जोडावी. टॅबवर धडे आदल्या दिवशी डाउनलोड करून तासाला ‘एअरप्लेन मोड’ लावावा; लक्ष उडवणारी नोटिफिकेशनही थांबतात. मात्र काही टॅबमध्ये या मोडवरही वायफाय चालूच राहते, ते वेगळे बंद करावे लागते.

या लहरींनी अभ्यास बिघडतो, हे सिद्ध झालेले नाही. तरीही फ्रान्सने २०१५ च्या कायद्याने प्राथमिक वर्गांत डिजिटल काम नसताना वायफाय बंद ठेवणे बंधनकारक केले. शिक्षण विभागाने असे परिपत्रक आपल्याकडेही काढावे.

– संगणक शिक्षक