आई-बाबा, यात तुमचं काही चुकलं नाही

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगितलं ते तसंच आहे. मी रोज प्रार्थना करते आणि यापुढेही करणार आहे. कुणाच्या नादी लागलेले नाही, कुणाला पैसे देत नाही. झोप, जेवण, नोकरी सगळं जागच्या जागी आहे. आई, हे तुझ्यासाठी आधी लिहिलं.

बाबा, तुम्ही विचारलंत, "देव न मानणाऱ्या आपल्या घरात हे आलं कुठून?" तुम्हाला पुरावा लागतो, म्हणून शोधून वाचलं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बूशार यांनी १९७९ मध्ये, लहानपणीच ताटातूट होऊन वेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास सुरू केला. धार्मिक ओढीबाबत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला जवळपास निम्मा आनुवंशिक असावा, असं त्यातून १९९० मध्ये मांडलं गेलं. २००५ चा जुळ्यांचाच आणखी एक अभ्यास आहे. त्यात आनुवंशिकतेचा वाटा लहान वयात १२ टक्के आणि मोठेपणी ४४. घराचा वाटा मात्र ५६ वरून १८ वर आला. त्यात फक्त पुरुष होते आणि लहानपणीचं त्यांनी आठवून सांगितलं होतं, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच सांगते. शिवाय ४४ टक्के म्हणजे माझी तेवढी श्रद्धा रक्तातून आली असं नव्हे. तो आकडा लोकांमधल्या फरकाचा आहे, एका माणसाला लावता येत नाही.

तरी एवढं मला पटतं, की घराचा हात सुटला की माणसाचा स्वतःचा कल वर येतो. तुमच्या संस्कारात काही कमी पडलं, असा त्याचा अर्थ होत नाही.

बाबा, तुम्ही मला खांद्यावर घेऊन शनी दाखवायचात. तुमच्या केसांत बोटं अडकवून मी वर बघत राहायचे आणि मला कुणाचे तरी आभार मानावेसे वाटायचे. कुणाचे, ते कळायचं नाही. ते मला कुणी शिकवलं नव्हतं. आजीनेही नाही, तिच्यावर राग धरू नका.

विश्वास ठेवायचा ठरवून ठेवता येत नाही. उद्यापासून देव मानायचा असं तुम्ही ठरवलंत तरी तो आहे असं तुम्हाला मनापासून वाटणार नाही. माझं त्याच्या उलट आहे. पण त्या ओढीचं काय करायचं, हे मात्र मी ठरवलं. रोज थोडा वेळ बसायचं हे मी ठरवलं. कुणी देवाच्या नावाने सांगितलं म्हणून न तपासता काही मानायचं नाही, हेही मीच ठरवलं, आणि ते सरळ तुमच्याकडून आलंय.

घरी आले की काही बदलणार नाही. भिंतीवर काही लावणार नाही, तुम्हाला प्रार्थनेला बसा म्हणणार नाही. आई, झोपणार तुझ्याच शेजारी. सकाळी थोडा वेळ दार लोटून घेईन, तेवढंच. छोटीने तुम्हाला देवाबद्दल विचारलं, तर तुम्हाला जे वाटतं तेच सांगा. मी मध्ये बोलणार नाही.

आता ऐका. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन आणखी पुढे ढकलायचं नाही. मी प्रार्थना करणार, ते तुम्हाला रुचणार नाही. पण रजा टाकून येणारही आहे. नंतर डोळा चोळायचा नाही, डॉक्टर सांगेपर्यंत त्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. आई, बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी सोडायची नाही. आणि बाथरूमचा दिवा रात्रभर चालू राहू दे, बिलाचं मी बघते. डोळ्यात थेंब घालायच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा आणि मला फोटो पाठवा.

तुमचीच,
छकुली