'ओ' दिसला म्हणून 'ओ' नसतो

संपादक महाशय,
शिबिरात कार्डावर 'ओ' लिहून मिळालं की माणूस खूश, आपलं रक्त कुणालाही चालतं म्हणून मिरवतो, पण १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे यांनी शोधलेला बॉम्बे ग्रुप हा दुर्मिळ रक्तगटही साध्या टेस्टमध्ये 'ओ'च दिसतो आणि अशा पेशंटला नेहमीचं 'ओ' चढवलं तर जिवावर बेतू शकतं, कारण 'ओ'वाल्यांच्याही पेशींवर असणारं एच अँटिजेन (रक्तपेशीवरची एक ओळखखूण) त्याच्या पेशींवर नसतंच, त्यामुळे त्याचं शरीर 'ओ' रक्तालाही परकं समजून त्यावर तुटून पडतं. युरोपात असा माणूस साधारण १० लाखांत एखादा, आपल्याकडे १० हजारांत एक धरतात. नात्यातच लग्नं होतात तिथे जास्त (मामाची पोरगी करणाऱ्यांनो, ऐकताय ना!). शिबिरवाल्यांनी बॅगा-टीशर्ट वाटण्यापेक्षा 'ओ'वाल्यांची अँटि-एच टेस्ट (पेशींवर एच आहे की नाही ते दाखवणारी) करावी, थेंबभर रक्ताचं काम आहे.

– एक रक्तदाता, चिपळूण