जुनी सुबारू वळताना आखडते तेव्हा

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. शेवटी कृत्तिकांचा बिल्ला लावलेली गाडी घेतलीसच! (सुबारू म्हणजे जपानीत कृत्तिका, पुढच्या जाळीवर ते सहा तारे आहेत ते त्यासाठीच.) २००२ची आउटबॅक, अडीच लिटरचं इंजिन, ऑटोमॅटिक, पावणेदोन लाख मैल झालेले. आणि डेन्व्हरचा तो गॅरेजवाला म्हणतो, गिअरबॉक्स गेला, बदला. थांब, अजून चेक फाडू नकोस.

तू लिहितोस की गाडी गरम झाल्यावर पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की मागून कुणीतरी धरल्यासारखी अडते, धक्के देत सरकते, सरळ रस्त्यावर मात्र काही त्रास नाही. याला तिकडचे मेकॅनिक टॉर्क बाइंड म्हणतात. चारही गिअर वेळेवर पडतात, घसरत नाहीत, असंही तूच लिहिलं आहेस. म्हणजे गिअरबॉक्सचा मुख्य भाग बहुधा ठणठणीत आहे. दुखणं शेपटात आहे.

आधी रचना डोळ्यांसमोर आण. इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं, त्याच्या मागे सरळ रेषेत गिअरबॉक्स. पुढचा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) वेगळा नाही, गिअरबॉक्सच्याच कवचात आहे. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला एक छोटं घर जोडलेलं असतं, तेच शेपूट, त्यात क्लच प्लेटांची एक चवड असते. तेलाच्या दाबाने ही चवड जितकी आवळली जाईल तितका जोर मागे जाणाऱ्या मधल्या शाफ्टला, तिथून मागच्या डिफरन्शियलला आणि मागच्या चाकांना जातो. पुढच्या चाकांना जोर कायमच जोडलेला. मागच्यांना किती द्यायचा ते गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर ठरवतो. (व्हीडीसी, म्हणजे गाडी घसरू न देणारी यंत्रणा, असलेल्या सहा सिलिंडरच्या आउटबॅकमध्ये मधोमध ग्रहमालेसारखे गिअर असतात आणि पुढच्या-मागच्या चाकांत जोराची विभागणी ४५:५५ असते. तुझी ती नाही, त्यामुळे त्या गाड्यांविषयी कुणी सांगितलेले उपाय तुझ्या गाडीला लावू नकोस.)

वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळावरून जातात, मागची लहान. म्हणजे पुढच्या बाजूला जास्त फेरे, मागच्या बाजूला कमी. हा फरक त्या प्लेटांनी एकमेकींवर घसरून पचवायचा असतो. त्या घसरायला तयार नसल्या तर फरक टायरला रस्त्यावर घासून काढावा लागतो, आणि कोरड्या डांबरावर टायर सहज घासत नाही. तोच तुझा धक्का. बर्फावर किंवा खडीवर टायर गुपचूप घसरतो, म्हणून हिवाळ्यात हा दोष महिनोन्‌महिने लपून राहतो.

आता प्रश्न एवढाच की प्लेटा सुटत का नाहीत. पाहायला सुरुवात फुकटच्या गोष्टीपासून कर, म्हणजे टायरपासून.

चारही टायरमध्ये हवा सारखी भर, मग शिंप्याची टेप घेऊन प्रत्येकाचा घेर मधल्या नक्षीवरून मोज. सुबारूची मर्यादा आहे पाव इंच, म्हणजे साडेसहा मिलिमीटरच्या आत. ऐकायला सैल वाटतं, पण हिशेब कर: घेरात साडेसहा मिलिमीटर म्हणजे नक्षीच्या खोलीत जेमतेम एक मिलिमीटर. २२५/६०-१६ टायरचा घेर साधारण एकवीसशे पंचवीस मिलिमीटर, मैलाला साडेसातशेच्या वर फेरे. पुढची जोडी नवी आणि मागची चार मिलिमीटर झिजलेली असेल, तर घेरात पंचवीस मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे दर मैलाला जवळजवळ नऊ फेऱ्यांचा फरक त्या प्लेटांनी सरळ रस्त्यावरसुद्धा घासत बसायचा. हायवेवर तासाभरात त्यांची काय दशा होईल ते तूच बघ. एकच टायर वेगळा असेल तर त्या बाजूचा डिफरन्शियल फरक निम्म्यावर आणतो, म्हणून एका टायरपेक्षा जोडीची चूक वाईट. काटकसर म्हणून दोनच टायर बदलणं या गाडीला सगळ्यात महाग पडतं. चारही एका वेळी, एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे. एकच फाटला आणि बाकीचे अर्धे उरले असतील, तर अमेरिकेत नवा टायर तासून बाकीच्यांच्या मापाला आणून देणारे विक्रेते आहेत.

टायर जुळले तर दुसरी परीक्षा, तीही जवळजवळ फुकट. बॉनेट उघड. मागच्या भिंतीजवळ, पॅसेंजरच्या बाजूला झाकणावर एफडब्ल्यूडी (म्हणजे जोर फक्त पुढच्या चाकांना) लिहिलेली एक छोटी रिकामी डबी असेल. इंजिन बंद असताना तिच्यात साधा पंधरा अँपियरचा पात्याचा फ्यूज खोच आणि गाडी सुरू कर. डॅशबोर्डवर एफडब्ल्यूडीचा दिवा लागला पाहिजे. आता गाडी गरम करून त्याच पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून दोन्ही बाजूंना हळू गोल फिरव, रिव्हर्समध्येसुद्धा.

इथे एक खुबी लक्षात ठेव. शेपटातला सोलेनॉइड (तेलाचा दाब कमीजास्त करणारी विजेची झडप) उलटा चालतो. त्याला पूर्ण वीज दिली की दाब सोडला जातो आणि मागची चाकं मोकळी होतात. वीज तोडली की दाब पूर्ण आणि चवड घट्ट. म्हणजे वायर तुटली तर गाडी चार चाकांवर अडकावी, दोन चाकांवर पडू नये, अशी ती योजना आहे. फ्यूज हा फक्त कॉम्प्युटरला सांगतो की पूर्ण वीज दे.

फ्यूज घातल्यावर धक्के गेले तर आनंद मान: सोलेनॉइड चालतो, प्लेटा सुटतात. मग दोष टायरात, जुन्या तेलात, किंवा कॉम्प्युटरला चुकीचं सांगणाऱ्या एखाद्या सेन्सरमध्ये. दिवा लागला पण धक्के तसेच राहिले, तर सोलेनॉइड अडकला आहे किंवा प्लेटाच चिकटल्या आहेत. एक खूण आणखी बघ: इंजिन सुरू करताच एटी ऑइल टेंपचा (गिअरबॉक्सच्या तेलाच्या तापमानाचा) दिवा सोळा वेळा लुकलुकला, तर गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने काहीतरी दोष नोंदवून ठेवला आहे. तो साध्या स्वस्त स्कॅनरवर बहुधा दिसत नाही, सुबारूची भाषा कळणारं यंत्र लागतं.

सोलेनॉइड की प्लेटा, हे ठरवायला हाताचीच परीक्षा आहे. पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लाव, पक्के, कारण या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर आहे आणि तीच तू उचलणार आहेस. मागची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर ठेव, नुसत्या जॅकवर नको. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. इंजिन बंद म्हणजे तेलाला दाब नाही, म्हणजे चवड सैल असायला हवी. आता मधला शाफ्ट हाताने फिरव. थोडा जड पण फिरतो, तर प्लेटा ठीक आणि संशय सोलेनॉइडवर. हलतच नाही, तर प्लेटा जळून चिकटल्या आहेत किंवा त्यांच्या दातांनी त्यांना धरणाऱ्या ड्रमच्या भिंतीत खाचा पाडल्या आहेत आणि त्या खाचांत अडकल्या आहेत. खाचा असतील तर नुसत्या नव्या प्लेटा घालून उपयोग नाही, ड्रमही बदलावा लागतो. आणि एक कायमचं ध्यानात ठेव: दोनच चाकं उचलून इंजिन चालू ठेवून गिअर कधीच टाकायचा नाही. उरलेली दोन चाकं गाडीला स्टँडवरून ओढून नेतील.

तेलाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण कितीतरी वेळा किरकोळ आखडणं तेलानेच सुटतं. ऑटोमॅटिकमध्ये एकूण साडेनऊ लिटरच्या आसपास तेल असतं, डेक्सरॉन तीनच्या जातीचं. प्लग काढला की निम्म्याहून कमी बाहेर येतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या तेलाच्या जोडात, राहतं. म्हणून काढा, तेवढंच भरा, दहापंधरा मैल चालवा, असं तीनदा. तिसऱ्या वेळेनंतर जुनं तेल पाच-सहा हिश्श्यांत एक उरतं. भरायचं डिपस्टिकच्याच नळीतून, लांब चोचीच्या नरसाळ्याने. माप घ्यायचं तेल गरम, इंजिन चालू, सपाट जागा, सगळ्या गिअरमधून एकदा फिरवून पार्कला आणल्यावर. तुझ्या गिअरबॉक्सला बाहेरून फिरकीचा फिल्टरही आहे, इंजिनच्या ऑइल फिल्टरसारखा. तो विसरतातच लोक.

पुढच्या डिफरन्शियलचं तेल वेगळं आहे. त्याची डिपस्टिक पॅसेंजरच्या बाजूला, गिअरबॉक्सची ड्रायव्हरच्या. त्यात ७५डब्ल्यू-९० जीएल-५ गिअर ऑइल, फक्त १.२ लिटर. मागच्या डिफरन्शियलमध्ये तेच, ०.८ लिटर. मागच्याचा आधी वरचा प्लग सोड, मगच खालचा. वरचा गंजून बसला असेल आणि खालून तेल काढून झालं असेल तर गाडी तिथेच अडकली. प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप असेल तर चिंता नको. चकचकीत कपचे दिसले तर मात्र आहे.

झटपट ऑइल बदलून देणाऱ्या दुकानांत या गाडीची एक ठरलेली फजिती होते. खाली तीन प्लग एकामागे एक आहेत. नवखा पोरगा इंजिनच्या जागी पुढच्या डिफरन्शियलचा किंवा गिअरबॉक्सचा प्लग उघडतो आणि वर इंजिनमध्ये चार लिटर जास्तीचं ओततो. इंजिनचं तेल काळं निघतं, गिअरबॉक्सचं लाल, डिफरन्शियलचं मधासारखं आणि वासाला उग्र. दुकानातून निघण्यापूर्वी तिन्ही डिपस्टिक ओढून बघ, माणूस कितीही घाईत असो.

तू ४५ मैलाच्या वेगाला घरघर येते असंही लिहिलंस. ती टॉर्क बाइंडची नव्हे. अॅक्सिलरेटर दाबताना एक आणि सोडताना दुसरा आवाज येत असेल तर डिफरन्शियलकडे बघ. अॅक्सिलरेटरशी संबंध नाही, पण गाडी डावीकडे-उजवीकडे झुलवली की कमीजास्त होते, तर चाकाचं बेअरिंग. रस्ता बदलला की बदलते, तर टायर. आणि वळताना खट-खट-खट येत असेल तर अॅक्सलचा बाहेरचा जोड. उजवीकडच्या आतल्या रबरी बुटावर एक नजर टाक. एक्झॉस्टच्या धगीने तो आधी फाटतो आणि ग्रीस गरम नळीवर पडून जळका वास येतो. बूट नुकताच फाटला असेल आणि आवाज नसेल, तर मूळचाच अॅक्सल ठेवून नुसता बूट आणि ग्रीस बदल. बाजारातल्या स्वस्त नव्या अॅक्सलनी सिग्नलला डी गिअरमध्ये उभं असताना गाडी थरथरायला लागते, मग तो दोष शोधत बसायचं.

एवढं करूनही शेपूट उघडावंच लागलं, तर गिअरबॉक्स उतरवायची गरज नाही. एक्झॉस्ट, मधला शाफ्ट आणि मागची आडवी पट्टी काढली की ते मागचं घर गाडीखालीच सुटतं. सोलेनॉइड, गॅस्केट, मागचं सील आणि लागल्या तर प्लेटा, असं एकदमच कर. शाफ्ट ओढताना तिथून तेल येतं, परात ठेव.

आणि गॅरेजवाला जुना गिअरबॉक्स आणून बसवतो म्हणालाच, तर त्याला एकच प्रश्न विचार: फायनल ड्राइव्ह किती, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे किती? तुझ्या गाडीत ४.४४ असायला हवा, सुबारूच्याच काही भावंड मॉडेलांत ४.११ असतो. पुढे एक आणि मागे दुसरा आकडा झाला, तर नवी चवड काही दिवसांत जळेल आणि तू पुन्हा मला हेच पत्र लिहिशील. मागचा आकडा स्वतः मोजता येतो: मागचं एक चाक जमिनीवर, दुसरं उचललेलं, पुढे ठोकळे, गिअर न्यूट्रलला, उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरव आणि मधल्या शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोज. साडेचारला किंचित कमी आले तर ४.४४, चारच्या जरा पुढे थांबला तर ४.११.

तोवर एफडब्ल्यूडीचा फ्यूज घालून धक्के जात असतील तर तसाच ठेवून चालव, प्लेटा तरी वाचतील. टो करायची वेळ आली तर चारही चाकं उचलणाऱ्या सपाट ट्रकवरच.

शनिवारी चारही टायरचे घेर मिलिमीटरमध्ये लिहून पाठव, कुठला टायर कुठे आहे त्यासकट. आणि फ्यूज घालून काय झालं तेही.

तुझा,
विनय