खोडरबर परत ड्रॉवरमध्ये ठेवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

हे सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण वाचनालयात तुमच्या टेबलापाशी बोलायला गेलं की माझा गळा दाटतो आणि तुम्ही लगेच विषय बदलता. तुमचं नाव, तालुका, त्या कादंबरीचं नाव, काहीच लिहिणार नाही. का, ते तुम्हाला माहीत आहे.

दादा महामार्गावर गेला. त्याबद्दल मला अजून लिहिता येत नाही. नंतर दारावर आलेल्या माणसांबद्दल मात्र येतं. 'आता तूच आईबापाचा मुलगा' असं इतक्या जणांनी ऐकवलं, की मला भाऊ होता हे कुणाच्या लक्षात तरी आहे का असं वाटायचं. एका कार्यालयात माझ्यादेखत त्याच्या नावावर लाल शाईने रेघ मारली, बाजूला 'मयत' लिहिलं. लिहिणारा तेव्हा शेजाऱ्याशी कापसाच्या भावाबद्दल बोलत होता. आणि गंधमुक्तीच्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी एक मुलगी येऊन उभी राहिली, तिला आमच्याच भाऊबंदांनी तिथूनच परत पाठवलं. ती का आली हे कुणी विचारलं नाही. कोणाची, एवढंच विचारलं.

दादाच्या कपाटात तुमच्या वाचनालयाचं पुस्तक सापडलं. मुदत कधीच उलटून गेलेली. मला फक्त दंड भरून निघून जायचं होतं. तुमची शिस्त आम्हा सगळ्यांना पाठ आहे: पुस्तकात पेन्सिलीची रेघ दिसली की तुम्ही खोडरबर हातात देता आणि समोर बसवून सगळं खोडून घेता. तुम्ही सवयीने पानं चाळलीत. रेघा होत्याच, पानोपानी. दादाच्या रेघा पट्टी लावून मारलेल्या, आयटीआयच्या ड्रॉइंगसारख्या सरळ. त्यांच्या शेजारी दुसऱ्याच कुणाच्या हातच्या बारीक खुणा. तुम्ही ड्रॉवर उघडलात, खोडरबर काढलात, थोडा वेळ हातात धरलात आणि परत आत ठेवलात. "ऱ्हाऊ दे व माय," म्हणालात. "वाचून घे, मग आण." दंडाचं नाव काढलं नाहीत.

घरी तेव्हा सगळे त्याचं आवरत होते. कपडे वाटून झाले होते, मोटारसायकलीचं गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. दादाचं काहीतरी जसंच्या तसं राहू देणारं माणूस त्या दिवसांत मला एकच भेटलं.

कादंबरी मी रात्री गच्चीवर वाचली. आमच्या शाळेतल्या कपाटात मुलांची पुस्तकं म्हणजे शेवटच्या पानावर शहाणपण शिकवणारी. ही काही शिकवत नाही. भाऊ जातो, मागे राहिलेल्या बहिणीला कळतं की त्याचं एका मुलीवर प्रेम होतं आणि ते दोन्ही घरांना कधीच चाललं नसतं. मग त्या दोघी आधी भांडतात, कारण जास्त दुःख करायचा हक्क आपला असं दोघींनाही वाटत असतं. हे कुणीतरी छापलेलं आहे, म्हणजे असं वाटणारी मी एकटी नाही, हे मला त्या रात्री कळलं. असली पुस्तकं पोरापोरींना बिघडवतात म्हणणाऱ्यांनी एकदा ती वाचावीत.

एका पानावर समासात दादाने लिहिलं होतं, '३० दिवस'. मला अर्थ लागेना. खुणा कुणाच्या, असं तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "वाचकाचं नाव मी सांगत नसते. चिठ्ठी असेल तर पोचवीन." चिठ्ठी पोचली, आणि अर्थ मला त्या मुलीनेच सांगितला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली की लग्नाआधी ३० दिवस थांबावं लागतं, आणि ती नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात. मुलाला २१ आणि मुलीला १८ पूर्ण लागतात. दोघांचीही कधीच झाली होती. पण जिल्ह्याच्या ठिकाणी लावलेला कागद आमच्या भाऊबंदकीपर्यंत यायला ३० दिवस कशाला लागतात? त्या हिशेबातच ते दोघं अडकून बसले होते.

आमच्याकडची मोठी माणसं तुमच्याकडे रजिस्टर बघायला आली होती, हे मला शिपाईकाकांकडून कळलं. त्यांनाही तुम्ही तेच उत्तर दिलंत. मानधन तुटपुंजं, अनुदान कधी येईल त्याचा भरवसा नाही, आणि समोर गावातली वजनदार माणसं. तरी तुमचा आवाज चढला नाही, असं काका सांगत होते. चांगली माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत ताई. पण चारचौघांसमोर नाही म्हणायची वेळ आली की त्यातली किती जागेवर राहतात?

दादा म्हणायचा, तुझं लग्न होऊ दे, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुला माहेरी न्यायला मुऱ्हाळी म्हणून मीच येणार. यंदा आखाजीला आईने त्याच्या नावाची घागर भरली, वर डांगर ठेवलं. त्या मुलीला घरी बोलवायची ताकद आमच्यात अजून नाही. दुसऱ्या दिवशी सांजोऱ्या घेऊन मी वाचनालयात आले, आणि महिला विभागातल्या बाकावर बसून आम्ही दोघींनी त्या खाल्ल्या. तुम्ही दार लोटून घेतलंत, त्याचेही आभार.

कादंबरी सध्या तिच्याकडे आहे. नोंद माझ्याच नावावर असू द्या. मुदत उलटली तर दंड मी भरेन, आणि या वेळी तो तुम्ही घ्यायचा आहे.

तुमची वाचक,
त्याची धाकटी बहीण