आगमनकाळाच्या प्रार्थना लिहिताना

प्रिय आई-बाबा,

सलाम.

बाबा, पाळकसाहेबांनी आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या, चारही रविवारांची मध्यस्थीची (इतरांसाठी देवाकडे मागायची) प्रार्थना लिहायला तुम्हाला सांगितली आणि वाचायला आईला, हे बरंच झालं. लिहिणाऱ्याला सोपं वाटतं तेच वाचणाऱ्याच्या तोंडात अडकतं. आता ते घरातच कळेल. फोनवर एवढं सगळं सांगणं जमत नाही, म्हणून लिहिते.

घरच्या प्रार्थनेत आणि मंडळीसाठी, म्हणजे चर्चमध्ये जमलेल्या सगळ्यांसाठी, लिहिलेल्या प्रार्थनेत खरा फरक आमेनचा आहे. जे कळलंच नाही त्या उपकारस्तुतीला माणूस आमेन कसा म्हणणार, हे पौलाने करिंथकरांना पहिल्या पत्राच्या १४ व्या अध्यायात विचारलं आहे. प्रत्येक ओळ त्यावर घासून बघा. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातून रात्रपाळी करून आलेली नर्स, रेल्वेतून निवृत्त झालेले काका, कमिटीवर रागावून मागच्या बेंचवर बसलेला माणूस, या सगळ्यांना त्या ओळीला न अडखळता आमेन म्हणता आलं पाहिजे. ओळ खरी असेल, सुंदरही असेल. पण निम्मे बेंच अवघडून बसणार असतील तर ती खोलीचं दार लावून म्हणायची.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच ऑल सेंट्स कॅथेड्रलला वेगवेगळ्या परंपरांच्या सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यांत पुस्तकातून प्रार्थना करणारे होते आणि पुस्तक बघितलं की भुवया उंचावणारेही होते. दोन्ही सवयी आजही एकाच बेंचवर शेजारी बसतात. म्हणून लिहिलेलं बोलल्यासारखं वाटलं पाहिजे. आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान, म्हणजे त्या तारखेच्या आसपासच येतो, तेव्हा त्या दिवशी मंडळीसाठीच्या प्रार्थनेत एकीबद्दल उपकार माना. इतिहास मात्र सांगू नका. देवाला माहिती पुरवायची गरज नसते. ‘हे प्रभू, तुला ठाऊकच आहे की...’ असं वाक्य सुरू झालं की पुढे बातमी, सूचना किंवा टोमणा येतो, हमखास.

आता भाषा. मराठीत क्रियापद शेवटी येतं. पंचवीस शब्दांनंतर ‘दे’ आलं, तर काय मागितलं हे कळेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. ‘जे... ज्यांना... ज्यांच्या...’ अशी साखळी नको. वाक्य बारा-पंधरा शब्दांचं ठेवा आणि श्वास घ्यायच्या जागी ओळ मोडा.

देवाला सुरुवातीला ‘तू’ म्हटलं तर शेवटपर्यंत ‘तू’. अर्ध्यात ‘आपण कृपा करावी’ शिरलं की अर्जासारखं वाटतं. देवाशी बोलताना स्वतःला ‘आम्ही’ म्हणायचं, कारण ‘आपण’मध्ये देवही आला, ‘आपले पाप क्षमा कर’ हे म्हणूनच विचित्र ऐकू येतं. मंडळीला बोलावताना मात्र ‘आपण प्रार्थना करू या’. ‘मी’ पूर्ण टाळा. ‘आम्ही मागतो’ म्हटलं की बायका-पुरुष दोघांनाही चालतं, आणि वाचणारी ऐन वेळी बदलली तरी कागद दुरुस्त करावा लागत नाही.

सगळ्यात जास्त होणारी चूक सांगते. सुरुवात ‘हे स्वर्गीय पित्या’, मधे ‘तू आमच्यासाठी वधस्तंभावर प्राण दिलास’, आणि शेवट ‘तुझ्याच नावाने मागतो’. बोलणं कुणाशी चाललं आहे? पित्याशी बोलायला सुरुवात केली तर येशूचा उल्लेख ‘तुझा पुत्र’ असा करा आणि शेवट ‘प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो’ असा करा. मसुदा झाला की फक्त संबोधनं आणि शेवट बोटाने दाखवत तपासा.

शेवटी सगळं बांधून घ्यायला एक छोटी प्रार्थना लागते. तिचा साचा फार जुना. इंग्लंडचे आर्चबिशप क्रॅन्मर यांनी १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात लॅटिनमधल्या अशा कितीतरी प्रार्थना उतरवल्या. पाच भाग: हाक, देवाने काय केलं त्याची आठवण, एकच मागणी, ती कशासाठी, आणि कुणाच्या नावाने. उदाहरण म्हणून ही केली आहे, हवी तर बदला:

‘हे पित्या,
अंधारात चालणाऱ्यांना तू प्रकाश दाखवलास.
आमच्या मनातली जुनी अढी काढून टाक,
म्हणजे तुझा पुत्र येईल तेव्हा
आमची दारं उघडी असतील.
त्याच प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो.’

दुसरी ओळ आणि तिसरी ओळ यांचा संबंध हवा. आठवण प्रकाशाची आणि मागणी पावसाची, असं झालं की प्रार्थना विस्कटते. मागणीही एकच. दोन मागण्या सुचल्या तर दुसरी पुढच्या रविवारी.

मुख्य मध्यस्थीचा क्रम मंडळी, देश आणि सत्तेवरचे लोक, आपलं शहर आणि जिल्हा, दुःखी आणि आजारी, शोकात असलेली घरं. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातच सांगितली आहे, तेव्हा ती वगळू नका. डिसेंबरात बहुधा विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरातच असतं, म्हणजे विषय अगदी दाराशी. पद घ्या, नाव आणि पक्ष नको: आमदार, मंत्री, बंदोबस्ताला उभे पोलीस, मोर्चा घेऊन आलेले लोक. एका बाजूचंच मागितलं की आमेन अर्धा होतो.

शहर-जिल्ह्याची प्रार्थना सगळ्यात नेमकी व्हायला हवी, आणि तिथेच लोक ‘सर्व शेतकऱ्यांना आशीर्वाद दे’ म्हणून निसटतात. डिसेंबरात कापसाची वेचणी चाललेली असते, आंबिया बहराची संत्री तुटत असतात. असं लिहा:

‘कापूस वेचणाऱ्या हातांसाठी,
कर्जाच्या हप्त्याची तारीख मोजणाऱ्या घरांसाठी,
आणि भाव ठरवणाऱ्यांच्या न्यायबुद्धीसाठी
आम्ही मागतो.’

बोंडअळीचं नाव घेतलं नाही, सरकारला शिकवलं नाही, तरी ज्याच्या शेतात ती आहे त्याला कळतं. प्रार्थनेआडून प्रवचन देण्याचा मोह बाबा, तुम्हालाच जास्त होईल (आई हसेल). खूण सोपी आहे: ‘आम्हाला शिकव की’ नंतर जे येतं ते बहुतेक वेळा शेजारच्या बेंचला सांगायचं असतं.

प्रत्येक प्रार्थनेनंतर मंडळीने म्हणायचा प्रतिसाद छोटाच, तीन-चार शब्दांचा. आई म्हणेल, ‘हे प्रभू, तुझ्या दयेने’. मंडळी म्हणेल, ‘आमची प्रार्थना ऐक’. सुरुवातीला तो एकदा म्हणवून घ्यायचा. आईचे शब्द दर वेळी अक्षरशः तेच हवेत. एकदा ‘तुझ्या दयेने’, एकदा ‘तुझ्या कृपेने’ झालं की अर्धी मंडळी गप्प बसते, कारण खूणच हरवली. जोडाक्षरांनी भरलेला प्रतिसादही नको. म्हातारी माणसं आणि पोरं मागे पडतात. आणि आई, प्रतिसादाच्या वेळी माइकपासून मागे सरक. नाहीतर तुझाच आवाज घुमतो आणि लोक म्हणायचं सोडून ऐकत बसतात.

लांबीचा हिशोब असा. पाच प्रार्थना चाळीस-पन्नास शब्दांच्या, सुरुवात-शेवटाचे साठ, म्हणजे तीनशेच्या आसपास. प्रार्थनेच्या संथ गतीने मिनिटाला ऐंशी-नव्वद शब्द होतात, म्हणजे साडेतीन मिनिटं. प्रत्येक प्रार्थनेनंतर दहा-बारा सेकंदांची शांतता धरली तरी पाच मिनिटांत बसतं. शांतता कागदावर लिहाच: ‘थांबा, दहा मोजा.’ पुढे उभ्या असलेल्या माणसाला तीन सेकंदही फार लांब वाटतात आणि तो लगेच पुढे जातो. खरं तर लोकांची स्वतःची प्रार्थना त्या दहा सेकंदांतच होते, ती कापू नका.

आजाऱ्यांची नावं घेण्याआधी त्यांना किंवा घरच्यांना विचारा. आजाराचं नाव कधीच नको. कुणाला नोकरीवर कळू द्यायचं नसतं, कुठे मुलीचं लग्न जमत असतं. आठ-दहाच्या वर नावं गेली तर ती छापील पत्रिकेत द्या आणि वाचताना ‘पत्रिकेत ज्यांची नावं आहेत’ एवढंच म्हणा. यादी दर महिन्याला तपासा. बरा होऊन बाजारात फिरणाऱ्याचं नाव वाचलं जातं आणि परवा दवाखान्यात गेलेल्याचं राहून जातं, त्यावरून मनं दुखावतात. गेलेल्यांबद्दल मात्र सांभाळून. मृतांसाठी मागणं काही घरांना चालतं, काहींना मुळीच नाही. त्यांच्या आयुष्याबद्दल उपकार मानायचे आणि घरच्यांसाठी सांत्वन मागायचं. याला दोघेही आमेन म्हणतात.

छपाई: आईच्या कागदावर अठरा पॉइंट अक्षर, एका बाजूला छापलेलं, वाक्य एका पानावरून दुसऱ्यावर जाणार नाही असं. मंडळीच्या ओळी ठळक, बाकी साध्या. सदर भागात डीटीपीला दिलंत तर प्रूफ मोठ्याने वाचून तपासा. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं आणि रफार मोडतात, आणि ‘दया’चं ‘द्या’ झालेलं डोळ्यांना पटकन दिसत नाही. पंख्याखाली सुटा कागद उडतो, पुठ्ठ्यावर चिकटवा.

पहिल्या रविवारचा मसुदा गुरुवारपर्यंत झाला तर आईने तो मोठ्याने दोनदा वाचावा, आणि बाबांनी कागद हातात न घेता नुसतं ऐकावं. जिथे आई अडखळेल तिथे वाक्य बदला, आईला नाही. मग फोटो काढून मला पाठवा. शनिवारी सकाळपर्यंत माझ्या खुणा करून परत पाठवते.

तुमची लेक