बोटाच्या मशीनवर ९८, आणि आई शुद्धीत नाही

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

गेल्या पौषात एका रात्री आईला धाप लागली. आमचं गाव जत तालुक्यात. आईची चाळीस वर्षं चुलीपुढं गेली; बिडीला तिनं कधी हात लावला नाही, तरी सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होत जाणारा फुप्फुसाचा जुनाट आजार. जवळच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला, पूर्ण जोरात. रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या बोटाच्या मशीनवर ९८ टक्के आले, आम्ही हुश्श केलं. आई झोपली. झोप कसली, गुंगी होती ती! तासाभरानं हाकेला ओ देईना.

मिरजेला नेलं. मनगटाच्या धमनीतलं रक्त तपासलं, तर कार्बन डायऑक्साइड ८४. तो ३५ ते ४५ असावा लागतो.

तिथल्या डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवलं. न्यूमोनियात फुप्फुस भरून येतं, धमनीच्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब (बोटाच्या मशीनवरचा टक्का नव्हे) ६० च्या खाली जातो. हा श्वसन निकामी होण्याचा पहिला प्रकार. दुसऱ्यात श्वासाचा भाताच नीट चालत नाही. आतली हवा बाहेर पडत नाही, कार्बन डायऑक्साइड साठतो, रक्त आम्ल होतं, माणूस गुंगतो. आई यातली. मण्यार चावलेला शेतकरीही यातलाच, कीटकनाशकाची विषबाधा झालेला किंवा जीबीएसचा (नसांवर हल्ला होऊन स्नायू लुळे पडणाऱ्या आजाराचा) पेशंटही यात येऊ शकतो. मण्यारीच्या दंशात तर फुप्फुस धडधाकट असतं, श्वासाचे स्नायूच लुळे पडतात. (ऑपरेशननंतरचा आणि शॉकमधला, असे आणखी दोन प्रकार मोजतात, ते इथं राहू देत.)

साहेब, बोटाच्या मशीनला कार्बन डायऑक्साइड दिसतच नाही. वर सीओपीडीच्या पेशंटला जादा ऑक्सिजन दिला, तर कार्बन डायऑक्साइड आणखी साठू शकतो. म्हणून बोटाच्या मशीनवरचा त्यांचा आकडा ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवायचा असतो. ९८ बघून आम्ही खूश होतो!

कोविडात ऑक्सिजनचे प्लांट उभे राहिले, चांगलंच झालं. आता जत, आटपाडीसारख्या लांबच्या तालुक्यांत रक्तातले वायू तपासायचं एबीजी मशीन आणि बायपॅप (मास्कमधून दाबानं हवा देऊन श्वासाला आधार देणारं मशीन) रात्रीही चालू राहील एवढं करा. नुसतं मशीन नको, त्याच्या कार्ट्रिजही वेळेवर पाठवा. नाहीतर ते कपाटात शोभेला बसतं. आणि १०८ च्या प्रत्येक गाडीत ८८ ते ९२ चा कागद चिकटवा. त्याला खर्च किती येणार?

दोन रात्री बायपॅपवर काढून आई घरी आली. तिच्या बटव्यात आता आम्ही तोच आकडा लिहून ठेवलाय. रात्री दोन वाजता तो वाचून समजणारं माणूस ड्यूटीवर असावं.

आपली,
जत तालुक्यातली एक लेक