आईच्या खोलीतला कॅमेरा

पुणे, रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय विन्या,

सात महिने तुला एक ओळ लिहिली नाही. रागावला असशील तर रागाव, पण हे आधी वाच. तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. माझी शुगर बरी आहे. आई पडली होती ते अण्णांनी सांगितलंच असेल. आता काठी घेऊन चालते.

ती पडल्यावर मी तिच्या खोलीत कॅमेरा बसवला. तिला नको होता. "तुझ्या जिवाला बरं वाटणार असेल तर लाव," एवढंच म्हणाली. फायबरवाल्यांनी बसवून दिलेल्या राउटरच्या वायफायवर तो जोडला. वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या मुलाचा फोनही त्याच वायफायवर. मंगळवारी तो खाली आला, नजर वर करेना. "काका, टीव्हीसाठी एक अ‍ॅप घेतलं. त्यात घरातली उपकरणं दिसली. एक नाव दाबलं तर आजींची खोली आली. मी लगेच बंद केलं." विन्या, त्या कॅमेऱ्यानं त्याला पासवर्डसुद्धा विचारला नाही. मी माझ्या फोनमधल्या अ‍ॅपला पासवर्ड घातला आणि दार लागलं असं समजलो. घरातल्या घरात तो सताड उघडाच होता, तीन आठवडे.

आणि मला २००३ आठवलं. आपला सायबर कॅफे, चार नंबरच्या मशीनवरचा तो पोरगा, जोडलेली सगळी मशीनं दाखवणाऱ्या ‘नेटवर्क नेबरहूड’मधून त्यानं उघडलेली गल्ल्याची फाइल. मी गिऱ्हाइकांसमोर तुझ्यावर ओरडलो होतो. तू म्हणाला होतास, "गल्ल्याचं मशीन आणि गिऱ्हाइकांची मशीनं एकाच हबला जोडलेली, मग होणार काय?" वेगळा राउटर घ्यायचे पैसे मीच दिले नव्हते. हे तेव्हाही मला ठाऊक होतं. दिवाळीत तू निघून गेलास, मी थांब म्हटलं नाही.

बुधवारी कंपनीला फोन केला, राउटर ब्रिज मोडवर टाकून द्या म्हटलं, म्हणजे तो नुसतं इंटरनेट पुढे देईल आणि बाकी सगळं माझा राउटर बघेल. नाही म्हणाले. त्या डब्यात पाहुण्यांसाठी वेगळं असतं ते गेस्ट वायफायही नाही. मग दुसरा राउटर आणला, त्याच्या वॅनमध्ये, म्हणजे बाहेरून इंटरनेट आत येतं त्या भोकात, कंपनीच्या राउटरची केबल घातली आणि वरच्या मुलाला त्यावर हलवलं. घर जुन्यावर, १९२.१६८.१ नं सुरू होणाऱ्या पत्त्यांत, तो नव्यावर, १९२.१६८.२० च्या पत्त्यांत. झालं वेगळं, म्हणून जेवलो. रात्री खात्री करावी म्हणून लॅपटॉप त्याच्या वायफायला लावला, कॅमेऱ्याचा पत्ता टाकला, १९२.१६८.१.३४. आई झोपलेली दिसली.

तू आत्ता कपाळावर हात मारला असशील. राउटर आतल्या सगळ्यांना स्वतःच्या एकाच पत्त्यामागे झाकतो, ते नॅट; त्या नॅटची भिंत एकाच बाजूनं असते. आतून बाहेर जाणाऱ्याला ती अडवत नाही. बाहेरच्याला मात्र आतून कुणी बोलावल्याशिवाय वाट नाही. मी त्या मुलाला भिंतीच्या आत बसवलं आणि आईला बाहेर ठेवलं. तू कॅफेच्या भिंतीवर खडूनं इंग्रजी ‘वाय’ काढायचास, दोन फांद्या आणि खाली एक खोड, त्याचा अर्थ मला इतक्या वर्षांनी लागला. शनिवारी तिसरा राउटर आणला. कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद, त्याच्या सेटिंगच्या पानाचा पासवर्ड बदलला, त्यातून दोनच केबली बाहेर: एक घराच्या राउटरला, दुसरी वरच्या खोलीच्या. घर आता १९२.१६८.१० मध्ये. केबलींची टोकं मीच मारली, तुझ्यासारखी आरतीच्या चालीवर म्हणत: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी... बायको हसून हसून दमली. मग दोन्हीकडून पलीकडचे पत्ते टाकून पाहिले. कुणालाच कुणी दिसत नाही.

नॅटवर नॅट करू नये यावरून आपण किती भांडलोय! पण कंपनीच्या डब्याच्या वॅनवर पत्ता १००.७२ नं सुरू होणारा आहे, कंपन्या आपल्या नॅटमागे वापरतात त्यातला, म्हणजे त्यांनीच आधी एक नॅट घातलेलं आहे. त्यांच्या डब्याचं दुसरं, माझं तिसरं झालं. आईचा व्हिडिओ कॉल अमेरिकेला नीट लागतो, चिरंजीवांचा गेम तेवढा कुरकुरतो. यात तू चुकलास, हे मी सोडणार नाही.

पण हे सगळं झाल्यावरही झोप येत नाही. आईला मी सांगितलेलं नाही. ती त्या खोलीत लुगडं नेसते, बाबांच्या फोटोशी बोलते. मुलगा चांगला आहे, म्हणून येऊन सांगून गेला. त्याच्या आधी कुणी पाहिलं असेल तर? त्याचे मित्र येतात, त्यांच्याकडे तोच पासवर्ड. हे मला कशातूनच कळणार नाही. सांगितलं तर ती कॅमेरा काढायला लावेल, आणि रात्री परत पडली तर? नाही सांगितलं तर रोज तिच्यासमोर बसून चहा कसा घ्यायचा?

तुझी बदली झाली का? सोनूची बारावी ना यंदा? वहिनींना नमस्कार.

आई तुझं ऐकते, माझ्यापेक्षा जास्त. येत्या शनिवारी ये. तिला सांगताना तू शेजारी बस. तोवर कॅमेऱ्याची वायर काढून ठेवली आहे, आणि मी तिच्या खोलीबाहेर सतरंजीवर झोपतो.

तुझा,
बाळ्या